खडकावरचे, खोडावरचे

११ मे, धाराशिव

वर्षाच्या काळ्या मसाल्याचे सामान आले. मिरच्या, धने, खोबरे, तीळ, नागकेशर भाजायला गेले. दगडफुलाची पुडी मात्र मी वहिनीकडून मागून घेतली, वर्तमानपत्रावर पसरली आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन तासभर बसले.

रुंद पाळ्यांचे, वरून राखाडी आणि खालून काळेभोर तुकडे एका बाजूला काढले. हे पार्मोट्रेमा. अरुंद पट्ट्यांचे, पुन्हा पुन्हा दुभागत गेलेले आणि कडांना काळे केस असलेले दुसऱ्या बाजूला, ते एव्हर्निॲस्ट्रम. तळाशी थोडे पिवळट-हिरवे तंतूही निघाले. असा तंतू हलकेच ओढला की वरची साल तुटते आणि आत पांढरा, लवचीक दोरा शाबूत राहतो. ही उस्नियाची खूण. बाकी उरले ते शेवाळाचे पुंजके आणि ओकच्या सालीचे कपचे.

हे सगळे हिमालयाच्या उतारावरून आलेले आहे. उत्तराखंडातल्या बांज-ओकच्या थंड, धुकट रानांत खोडाफांद्यांवर वाढलेले शैवाक. बुरशी आणि शैवाल यांची ही भागीदारी आहे: बुरशी घर देते, ओल धरून ठेवते; शैवाल उन्हावर अन्न तयार करते. सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे सांगितले, तेव्हा शैवाकांवर हयात घालवलेल्या त्याच्या समकालीनांना ते बरीच वर्षे पटले नाही. एकच वनस्पती समजून जिची वर्णने केली, ती दोघांची निघाली.

आमच्याकडच्या कोणत्याही बाईला दगडफूल वासावरून ओळखता येते. ते दूरच्या ओल्या जंगलातले आहे. इथल्या रानात, वर्षातले आठ महिने कोरड्या असणाऱ्या खडकावर आणि खोडावर त्याची कोण भावंडे राहतात, ते या पावसाळ्यात बघायचे आहे. पुतणी बी.एस्सी.ला आहे, ती बरोबर येते म्हणाली.


१ जून, येडशी

यंदा पाऊस घाईने आला. मोसमी वारे २६ मेलाच मुंबईत पोचले. आमच्याकडे त्याआधीच्या वळवानेच रान ओले केले होते.

येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र २२.३७ चौरस किलोमीटर. बाहेरच्या माणसाला दाखवायचे तर नकाशावर बोट ठेवून दाखवावे लागते, एवढे लहान. बालाघाटाच्या रांगेतली ही घळ, तळाशी रामलिंगाचे देऊळ, जटायूची कथा आणि माकडांचे कळप. लोक देवळापर्यंत येतात, दर्शन घेतात, ओढ्यात पाय बुडवतात आणि परततात. दोन्ही बाजूंच्या उतारांकडे सहसा कोणी बघत नाही, कारण उन्हाळ्यात ते बोडके दिसतात.

झाडांना पाने अजून अर्धीमुर्धी आहेत, म्हणून पुतणीला आधी साली दाखवल्या. टेंभुर्णीची साल काळी, चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली. धावड्याची गुळगुळीत, राखी-पांढरी. जुन्या खपल्या गळतात तिथे उथळ खळगे राहतात. सालईचे पातळ पापुद्रे सुटतात आणि जखमेशी नाक नेले की राळेचा वास येतो. खैर ओळखायला वाकड्या काट्यांची जोडी पुरते. पळसाला सालीची गरज नाही, पान दिसले की झाले.

शैवाक या सालींप्रमाणेच वाटले गेले आहेत. सालईवर जवळपास काहीच नाही. शैवाकाची चकती वर्षाला काही मिलिमीटर सरकते, कित्येक जाती तेवढ्याही नाहीत. आणि सालई तर साल टाकतच असते. घर बांधेपर्यंत भिंतच पडते. धावड्यावर खपली गळलेली जागा कोरी आणि न गळलेल्या जागी फिकट डाग. देवळाकडच्या जुन्या आंब्यावर मात्र दक्षिणेच्या अंगाला राखाडी-पांढऱ्या चकत्यांची दाटी आहे, एकीची कड दुसरीला भिडलेली.

एका कोरड्या चकतीवर बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब सोडले. थोड्याच वेळात राखाडीतून हिरवा रंग वर आला. वरचा थर पाणी पिऊन पारदर्शक होतो आणि खालचे शैवाल दिसू लागते. कोरडे असताना ते मेलेले नसते, थांबलेले असते. पाणी मिळाले की श्वास आणि अन्न तयार करणे दोन्ही सुरू. पुतणीने तिथेच दहा-बारा चकत्यांवर पाणी शिंपडून पाहिले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मग उन्हाळ्यात हे झाड आपण वाळलं म्हणतो तेव्हा यातलं किती जिवंत असतं?"

इथे काहीही खरवडायचे नाही. अभयारण्यातून पानसुद्धा उचलायला वन्यजीव कायद्याची मनाई आहे आणि ती योग्य आहे. फोटो, शेजारी मोजपट्टी, झाडाचे नाव, दिशा, ऊन की सावली, एवढे लिहून घेतले. मोबाइलचे ॲप झाडांच्या बाबतीत बरे काम करते. शैवाकाचा फोटो दाखवला की ठाम आवाजात नाव सांगते, तिथे त्याच्यावर विसंबू नये. या जिवांची ओळख रंगरूपाइतकीच आतल्या रसायनावर ठरते आणि ते फोटोत येत नाही.

परतताना घळीतून नवरंगाची दोन सुरांची शीळ आली. पक्षी दिसला नाही. नवरंग पावसाच्या तोंडावर वीण करायला इकडे येतो आणि पालापाचोळ्यात वावरतो. आवाजावर नोंद केली.

फाटकाजवळ चहाला थांबलो तर बोलणे अर्थातच वाघाचे. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ आला, तेव्हापासून दुसरा विषय नाही. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले आणि तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. शेतांतून, रस्ते ओलांडत, सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला तरुण नर. जानेवारीत त्याला पकडायला ताडोब्याहून पथक आले, तो सापडला नाही. माझ्या मनाला लागून राहिले ते पट्टे जुळवणे. इतक्या माणसांच्या मुलखातून कोणाला न कळता आलेला प्राणी, आणि त्याचे गाव त्याच्या कातडीवर लिहिलेले. वाघ येऊन राहिला म्हणजे त्याला इथे खायला-प्यायला आणि लपायला मिळाले. बोडक्या म्हटलेल्या या उतारांबद्दल याहून मोठी साक्ष कोण देणार?


१९ जून, धाराशिव

मारुती चितमपल्ली काल सोलापुरात गेले. १९३२ चा जन्म, सोलापूरचाच. यंदाच पद्मश्री जाहीर झाली होती.

कपाटातून 'पक्षिकोश' काढला आणि संध्याकाळ त्यातच गेली. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून नावे घेतली, विचारून, ऐकून, वहीत उतरवून. एका पक्ष्याला चार बोलींतली चार नावे आहेत म्हणजे चार समाजांनी तो पाहिला आहे. आमच्या पिढीला मराठीतून पक्षी कळले ते त्यांच्यामुळे. शैवाकांसाठी असे कोणी केले नाही. करायला हवे.


२९ जून, वाशी तालुका

माहेरच्या शेतात मुक्काम. बांधावरच्या आंब्यावर येडशीसारख्याच चकत्या आहेत, आणि हे झाड आपले, त्यामुळे सालीचा नखाएवढा कपचा काढायला हरकत नव्हती.

भिंगाखाली दोन प्रकार वेगळे पडले. एक सालीला असा चिकटलेला की खाली सुईचे टोकही जाईना. त्याला मुळांसारखे तंतू नाहीत. तो डिरिनेरिया असावा. दुसऱ्याच्या पाळ्या किंचित मोकळ्या, खाली काळे तंतू. अंधार पडल्यावर पुतणीने नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. पहिला काळपटच राहिला. दुसऱ्यावर झोत पडला आणि अख्खी चकती लख्ख पिवळी झाली. लायकेक्झँथोन नावाचे द्रव्य त्याच्या वरच्या थरात असते, ते या किरणांत चमकते. म्हणजे पिक्सिन, आणि सगळी लक्षणे धरली तर पिक्सिन कोकोस. भारतात रस्त्याकडेच्या उन्हातल्या आंब्यांवर सर्रास सापडणारी जात. सर्रास असली तरी आमच्या बांधावर तिला आजवर कोणी नावाने हाक मारली नव्हती.

या ओळखीमागे पुण्याचे काम आहे. आताच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतले शैवाक गोळा करून, कापून, रसायनांचे थेंब टाकून वर्षानुवर्षे जाती ठरवल्या. पोटॅशच्या थेंबाने पिवळा होतो की लाल, ब्लीचिंगच्या पाण्याने रंग बदलतो की नाही, अशा चाचण्यांतून एकेक नाव निघते. त्यांचा बराच संग्रह पश्चिम घाटाच्या ओल्या बाजूचा. पर्जन्यछायेतल्या आमच्या बाजूला अजून खूप चालण्यासारखे आहे.

दिवा विझवायच्या आधी पुतणीने तो सहज दगडांच्या बांधावर फिरवला. एका फटीत हिरवट-निळे काहीतरी पेटल्यासारखे उजळले. विंचू. त्याच्या कवचातही या किरणांत चमकणारी द्रव्ये असतात. आईने ओरडून सगळ्यांना चपला घालायला लावल्या. आम्ही दिवा हलवत राहिलो आणि आणखी दिसले. रोज अनवाणी जो बांध ओलांडतो त्यात एवढे विंचू राहतात आणि ते आपल्याला टाळून जगतात, हे दादालाही नवे होते.


१० ऑगस्ट, नळदुर्ग

बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादी दोन्ही धबधबे पडत होते. गर्दी सगळी किल्ल्यातल्या पाणीमहालाकडे. आम्ही तटाच्या दगडांकडे वळलो.

काळ्या बेसॉल्टवर राखाडी, काळसर, कुठे ऑलिव्ह झाक असलेली कवचे. दगडांच्या सांध्यांत, जिथे चुना आहे, तिथे नारिंगी आणि चुनकळी-पांढरी. सीमा इतकी रेखीव की दुरून पाहूनही सांधा कुठे आहे ते सांगता येते. चुन्यावर राहणाऱ्या जाती वेगळ्या आणि सिलिका असलेल्या खडकावरच्या वेगळ्या. ज्याला जे मानवते ते त्याने धरले आहे. मिस्त्रीने शेकडो वर्षांपूर्वी भरलेला चुना आज नारिंगी रेघेने वाचता येतो.

पाणीमहाल १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. त्यामुळे त्याच्या भिंतींवरच्या कोणत्याही चकतीचे वय त्याहून जास्त असू शकत नाही. अशा तारीख माहीत असलेल्या दगडांवरच्या चकत्या मोजून वाढीचा वेग काढायचा आणि मग तारीख माहीत नसलेल्या दगडांचे वय ठरवायचे, ही पद्धत रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास आल्प्समध्ये रुळवली. हिमनद्या मागे सरकताना उघड्या पडलेल्या दगडांसाठी ती वापरतात. आमच्याकडे हिमनद्या नाहीत. तारखा माहीत असलेले किल्ले, बारव, समाध्या मात्र गावोगाव आहेत. कोणी तरुण मुलाने मोजपट्टी घेऊन नळदुर्ग, परंडा, औसा असे किल्ले फिरावे. ऊन, ओल आणि दगडांची डागडुजी यांचा हिशेब ठेवावा लागेल. वेगाची एक तालिका हाती आली तरी ती मराठवाड्याच्या कोरड्या हवेची पहिली असेल.

आणि एक मनापासूनची विनंती. जुने दगड उजळवण्याच्या हौसेने तारेच्या ब्रशने घासू नयेत. काही शैवाक दगड खातात हे खरे. त्यांची बुरशी फटींत शिरते आणि आम्लेही सोडते. पण घासण्याने दगडाचा वरचा थर जातो तो परत येत नाही. कुठे काढायचे आणि कुठे राहू द्यायचे ते जाणकाराने एकेक दगड पाहून ठरवावे.


२२ सप्टेंबर, धाराशिव

घटस्थापना. माळेसाठी तरवडाची फुले बाजारात आली होती, भिजलेली. तरवडाच्या पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णे असतात. फूल नसले तरी तेवढ्यावरून झाड ओळखता येते. पुतणीला फोनवर सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ती परंड्याच्या बातम्या वाचून दाखवत होती.

भूम-परंड्यात हाहाकार आहे. नद्या शिवारात शिरल्या, माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागते आहे. जनावरे गेली, सोयाबीन गेले, कित्येकांची मातीच वाहून गेली. आज वहीत आणखी काही लिहिणार नाही.


१२ ऑक्टोबर, वाशी तालुका

गावच्या तलावाकडे गेलो. पुराने आणलेला गाळ काठावर पसरून आता घट्ट झालाय, आणि त्यावर उमटलेले सगळे टिकून आहे. टिटवीचे त्रिशूळ, मुंगसाची बारीक पावले, रानडुकरांचे खूर, साळिंदराच्या ओढलेल्या काट्यांच्या रेघा.

एक माग सरळ रेषेत काठाने गेलेला. नखांच्या खुणा पुढे आहेत, म्हणजे मांजरकुळातला नाही. पुढची दोन बोटे जवळ, ठसा लांबट, मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशात बेताने पडलेले. कुत्रा असा चालत नाही. तो हुंगत, वळत, थांबत जातो आणि त्याची पावले एकमेकांत मिसळत नाहीत. तरसाचा ठसा वेगळा, पुढचे पाऊल मागच्यापेक्षा ठळक मोठे. नुसत्या एका ठशावर लांडगा म्हणू नये. सलग माग, चालीची रेघ, आणि पुढे सापडलेली केसांनी भरलेली विष्ठा, हे सगळे एकत्र आल्यावर लांडगा लिहिले.

मेंढ्या घेऊन एक वयस्कर मामा वरच्या बाजूने उतरले. "काय बघायलाव?" मी माग दाखवला. त्यांनी वाकून पाहिलेही नाही. "दोघं हायत. मादी थोडी लंगडती. पल्याडच्या नाळीत ऱ्हातात." मग गाळावर काठीने मला दाखवले: एका मागात मागचे डावे पाऊल दरवेळी थोडे फिके उठले होते. मी त्याच ठशांवर अर्धा तास वाकून होते.

लांडग्याने वर्षात काही कोकरे नेली, असेही त्यांनी सांगितले. रागाचा सूर होता, पण मारायचे बोलणे नव्हते. लांडगा वाघाइतकाच संरक्षित आहे, पहिल्या अनुसूचीतला. त्याच्यासाठी फोटोवाले येत नाहीत, आणि मेंढपाळाचे नुकसान भरून द्यायला कागदपत्रांचा जो फेरा लागतो तो फिरत्या कुटुंबाला झेपणारा नाही. ही व्यवस्था सुधारल्याशिवाय लांडगा वाचवा म्हणण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही, असे मला ठामपणे वाटते.


९ नोव्हेंबर, गावचा माळ

तलावाच्या वरचा माळ पिवळा पडला आहे. क्षितिजावर पवनचक्क्या. खाली कुसळी, पवना, मारवेल. कुसळीचे बी सोबत स्वतःचा गिरमिट घेऊन येते: लांब शेपटीला पीळ असतो, ओल लागली की तो उलगडतो, सुकली की पुन्हा वळतो आणि टोकदार बी जमिनीत शिरते. आमच्या साड्यांतही शिरले. पुतणीने एक बी ओल्या हातरुमालावर ठेवले आणि ते फिरताना पाहिले.

भोवत्या पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत होता, टोळ शोधत. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आपल्या माळांवर येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतात. दूर काळविटांचा छोटा कळप, एक काळा नर. उघड्या खडकाच्या पट्ट्यावर ऑलिव्ह रंगाच्या बारीक खवल्यांचे शैवाक. पेल्टुला असावे, त्याच्या जोडीदार शैवालाची जागा नील-हरित जिवाणूंनी घेतलेली असते आणि तापलेल्या दगडावर तग धरण्यात त्यांचा हातखंडा. त्या शेजारी माळटिटवीची रिकामी जागा: चार खडे, थोडी लेंडी, एवढेच तिचे घरटे.

हे सगळे आज बारकाईने लिहून घ्यायचे कारण आहे. या माळावर खड्डे खणून झाडे लावायचा विचार गावात चालला आहे. माळ मोकळाच आहे, हिरवा होईल, असे सगळे म्हणतात, आणि चांगल्या मनाने म्हणतात. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही अशी झुडपी, गवताळ जमीन पडीक म्हणूनच रंगवतात. पण इथे झाडांची सावली पडली तर कुसळी-पवना हटतील, भोवत्याला झोपायला जागा उरणार नाही, काळवीट सोयाबीनमध्ये उतरतील. येडशीच्या आसपास गिरिपुष्पाची लागवड पाहिली आहे. हिरवी दिसते; तिच्याखाली गवत फारसे नाही, आणि गुरे-मेंढ्यांच्या कामाचे काहीच नाही.


१९ डिसेंबर, वेळ अमावस्या

शेतात कोपी, पाच पांडव, आंबिलाचे मडके, भज्जी आणि उंडे. आजूबाजूच्या शेतांतली माणसे आली होती. जेवणानंतर दादाच्या सांगण्यावरून, माळावरच्या लागवडीबद्दल ग्रामसभेला द्यायच्या अर्जाबरोबरची यादी वाचून दाखवली. गवते, झुडपे, पक्षी, प्राणी, खडकावरचे शैवाक. शैवाकांपाशी अडतील असे वाटले होते, पण दगडफुलाचे इथले भाऊबंद म्हटल्यावर बायकांनी मान डोलावली. एकीने विचारले, "मग ते मसाल्यात चालतंय का?" चालत नाही, दगडापासून सुटतच नाही.

सरपंच म्हणाले, झाडे लावायचा निधी आला आहे, तो परत पाठवायचा का? प्रश्न रास्त आहे. त्यावर बराच वेळ बोलणे झाले. झाडे नाल्याच्या काठाने आणि तलावाच्या भिंतीखालच्या बाजूला लावता येतील. पुराने काठ तिथेच खचला आहे आणि करंज, जांभूळ, उंबर तिथे मुळात होतेही. तिथे ती माती धरतील. माळावर खड्डा नको.

मेंढपाळ मामा कडेला बसून ऐकत होते. म्हणाले, "समदं लिवलं. मेंढरं लिवली का त्यात?" नव्हती लिहिली. "मेंढरं फिरली नाहीत तर गवत ऱ्हाईल व्हय? टणटणी चढंल समदीकडं." दोन वर्षे न चरलेला एक कोपरा कसा झाला ते त्यांनी सांगितले आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी ते खरे असल्याचे मान्य केले. चराई किती, कोणत्या महिन्यात बंद, हे त्यांच्याकडून वेगळ्या पानावर लिहून घेतले: पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत वरचा माळ बंद, नंतर फिरती पाळी, लांडग्याच्या नाळीकडे पिल्लांच्या दिवसांत जायचे नाही.

अर्जात दुरुस्ती केली. आता त्यात तीन मागण्या आहेत: लागवड नाल्याकाठी, माळ गवतासाठी राखीव, चराईचे वेळापत्रक मेंढपाळांशी बसून. दादा सोमवारी तो ग्रामपंचायतीत देईल आणि पोच घेईल. एक प्रत वनविभागाला.